एकवीस-शून्यचं गणित

ऑक्टोबर १९९८. ऑकलंडमध्ये ओशनिया विभागाची महिला फुटबॉल स्पर्धा चालू होती. एकाच दिवशी दोन मॅचेस झाल्या. एकीत न्यूझीलंडने सामोआला हरवलं, २१-० असं. दुसरीत ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला हरवलं आणि स्कोअर काय? तोही २१-०! कॅल्क्युलेटर काढू नका, मीच सांगतो. ९० मिनिटांत २१ गोल म्हणजे साधारण दर सव्वाचार मिनिटांना एक. त्यातून प्रत्येक वेळी बॉल जाळ्यातून काढून पुन्हा मधल्या रेषेवर आणून ठेवायचा वेळ वजा करा.

असा स्कोअर वाचला की आपण पटकन म्हणून जातो, "अरे, मग खेळतात तरी कशाला?" या 'कशाला'चं उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला. त्यात फुटबॉल आहे, थोडा भूगोल आहे, आणि (सॉरी मित्रांनो) एक फॉर्म्युलासुद्धा आहे. सुटीत तरी गणित नको असं वाटत असेल त्यांनी तो परिच्छेद गाळावा. परीक्षेला येणार नाही.

प्रशांत महासागरातल्या डझनभर देशांबद्दल एकदम लिहिण्यापेक्षा एकच संघ घेतो. पापुआ न्यू गिनीच्या मुलींचा. क्रिकेटवाल्यांना हे नाव २०२१ आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमुळे ऐकून माहीत असेल. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर न्यू गिनी नावाचं प्रचंड बेट आहे, त्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग आणि आजूबाजूची शेकडो छोटी बेटं म्हणजे हा देश. १९७५ साली तो ऑस्ट्रेलियापासून स्वतंत्र झाला. आठशेहून जास्त भाषा बोलल्या जातात. आपण दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतो, तिकडे एक डोंगर ओलांडला की बदलते. देशाचा लाडका खेळ म्हणाल तर रग्बी लीग. फुटबॉल त्याच्या मागे, आणि मुलींचा फुटबॉल त्याच्याही मागे.

सिव्हिलवाल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. राजधानी पोर्ट मोर्सबी आणि दुसरं मोठं शहर लाए यांना जोडणारा रस्ताच नाही. मधे उंच डोंगर आणि घनदाट जंगल. विमानाने जा, नाहीतर बोटीने. म्हणजे नॅशनल टीमचं शिबिर लावायचं तरी मुलींना देशातल्या देशात विमानाची तिकिटं काढून आणायचं! आपल्याकडे एसटीचा पास काढून जिल्हा संघाच्या निवडीला जाता येतं. तिथे पहिली चाळणी तिथेच लागते.

बरं, शिबिर झालं. आता मॅच कुणाशी खेळायची? पोर्ट मोर्सबीहून फिजीची राजधानी सुवा सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, ऑकलंड चार हजारांच्या पुढे. श्रीनगर ते कन्याकुमारी सरळ रेषेत तीन हजारसुद्धा भरत नाही. आणि विमानं सरळ रेषेत जातातच असं नाही, बरेचदा ऑस्ट्रेलियात उतरून दुसरं पकडावं लागतं. वीस-बावीस मुली, कोच, सामान, हॉटेल... एका मैत्रीपूर्ण सामन्याचा खर्च काढून बघा. त्यामुळे सामने होतच नाहीत. स्पर्धा असली की चार-पाच सामने ओळीने, मग पुन्हा कितीतरी महिने शुकशुकाट.

इथे कुणीतरी म्हणेल की छोटे देश आहेत, माणसंच नाहीत, तर संघ कुठून येणार? अमेरिकन सामोआसाठी हे खरं आहे, त्यांची सगळी लोकसंख्या पन्नास हजारांच्या घरात. पण पापुआ न्यू गिनीची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास धरतात, आणि न्यूझीलंडची आहे पन्नास लाखांच्या जरा वर. म्हणजे जिंकणारा देश निम्म्या आकाराचा! तेव्हा लोकसंख्येचं उत्तर या संघापुरतं बाद.

आता दुसरी बाजू. जग फुटबॉलच्या दृष्टीने सहा विभागांत वाटलेलं आहे आणि ओशनिया हा त्यातला सर्वात लहान. महिलांचा वर्ल्डकप १९९१ साली सुरू झाला. तेव्हापासून २०१९ पर्यंत आठ वर्ल्डकप झाले आणि ओशनियाचं तिकीट प्रत्येक वेळी दोनच देशांपैकी एकाने नेलं. १९९१ ला न्यूझीलंड. १९९५, १९९९ आणि २००३ ला ऑस्ट्रेलिया. मग २००६ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाने ओशनिया सोडून आशियात नाव घातलं, आणि पुढचे चारही वर्ल्डकप न्यूझीलंड. बेटांवरच्या मुलींनी पात्रता फेरी खेळायची, पण पुढे जायचं नाही, हे जणू ठरलेलंच.

गंमत म्हणजे याच काळात पापुआ न्यू गिनीच्या मुली चॅम्पियन होत्या! चार वर्षांतून एकदा पॅसिफिक गेम्स होतात, बेटांचं ऑलिम्पिक म्हणा. तिथल्या महिला फुटबॉलमध्ये न्यूझीलंड नसतं. हा खेळ तिथे २००३ मध्ये पहिल्यांदा आला आणि २००३, २००७, २०११, २०१५, २०१९, पाचही वेळा सुवर्णपदक पापुआ न्यू गिनीचं. सलग पाच! आणि हाच संघ २०१० च्या ओशनिया स्पर्धेच्या फायनलमध्ये न्यूझीलंडकडून ११-० ने हरला. त्या स्पर्धेत न्यूझीलंडने पाच सामन्यांत पन्नास गोल केले आणि एकही खाल्ला नाही.

म्हणजे वर्गात दोन परीक्षा आहेत. एक इतकी ओळखीची की दर वेळी पहिला नंबर, दुसरी इतकी अवघड की दर वेळी भोपळा. मधली परीक्षाच नाही. आणि माणूस शिकतो तो मधल्या परीक्षेत, जिथे ४० ही पडू शकतात आणि ६० ही. ११-० च्या मॅचमध्ये हरणारी डिफेंडर काय शिकणार? ती नव्वद मिनिटं फक्त बॉल बाहेर मारत असते.

याचं जास्त गमतीदार टोक म्हणजे जिंकणाऱ्याचंही नुकसान होतं. ओशनियात पन्नास-शून्य करणारं न्यूझीलंड वर्ल्डकपमध्ये गेलं की काय व्हायचं? २०१९ पर्यंतच्या पाच वर्ल्डकपमध्ये १५ मॅचेस, १२ हार, ३ बरोबरी, विजय शून्य. पहिला विजय मिळाला २० जुलै २०२३ ला, स्वतःच्याच घरी, ऑकलंडच्या ईडन पार्कवर, नॉर्वेविरुद्ध १-०. उलट जे ऑस्ट्रेलिया बाहेर पडलं, त्याने २०१० साली आशियाई कप जिंकला आणि २०२३ च्या वर्ल्डकपमध्ये सेमीफायनल गाठली. रोज चीन, जपान, कोरियाशी गाठ पडली की असं होतं.

आता कबूल केलेला फॉर्म्युला. फिफाची महिला क्रमवारी २००३ मध्ये सुरू झाली आणि ती बुद्धिबळातल्या एलो रेटिंगची सख्खी बहीण आहे. मॅचआधी दोन्ही संघांच्या गुणांतला फरक घ्यायचा (यजमानाला १०० गुण जादा धरतात), त्याला ४०० ने भागायचं, उत्तराला 'क्ष' म्हणा. वरच्या संघाकडून अपेक्षा = १ भागिले (१ अधिक १० चा उणे क्ष घात). फरक २०० असेल तर अपेक्षा ०.७६ येते, ४०० ला ०.९१, ६०० ला ०.९७. प्रत्यक्ष निकाल अपेक्षेपेक्षा जेवढा चांगला, तेवढे गुण वाढतात, आणि जवळजवळ तेवढेच समोरच्याचे कमी होतात. महिलांच्या क्रमवारीत गोलफरकही धरतात, त्यामुळे थोडक्यात हरणाऱ्यालाही काही टक्के पदरात पडतात.

शेवटून दुसरं वाक्य पुन्हा वाचा. एकाचे वाढतात तेवढे दुसऱ्याचे कमी होतात. मग समजा दहा बेटांचे संघ फक्त आपापसात खेळताहेत. सगळ्यांनी मेहनत केली, सगळे दुप्पट चांगले झाले. त्यांच्या गुणांची बेरीज किती? होती तेवढीच! मेकॅनिकलवाल्यांना आयसोलेटेड सिस्टिम आठवली असेल. बाहेरून आत काही येत नाही, आतून बाहेर काही जात नाही, एकूण कायम. आतल्या आत कुणी गरम झालं तर कुणीतरी गार होणारच. म्हणून बेटांवरच्या फुटबॉलची खरी सुधारणा रँकिंगच्या तक्त्यात दिसतच नाही. ती दिसायला कुणीतरी बाहेरचं येऊन खेळायला पाहिजे. रँकिंग खाली म्हणून मोठे संघ बोलवत नाहीत आणि बोलवत नाहीत म्हणून रँकिंग खाली. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही... प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हे जास्त समजावून सांगायला नको.

तरीही फट कुठेकुठे दिसत होती. २०१४ ची ओशनिया स्पर्धा पापुआ न्यू गिनीतच झाली. न्यूझीलंडने टोंगाला १६-०, कुक आयलंड्सला ११-० झोडपलं, पण पापुआ न्यू गिनीविरुद्ध स्कोअर होता ३-०. चार वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून अकरा खाल्ले, त्यांच्याकडून तीन! अर्थात ग्राफ सरळ वर गेला असं नाही. २०१६ च्या ऑलिम्पिक पात्रतेत पुन्हा ७-१. २०१८ च्या सेमीफायनलमध्ये तर फिजीने ५-१ ने धूळ चारली, आणि त्या फिजीला न्यूझीलंडने फायनलमध्ये ८-०. (जाता जाता: फिजीतला फुटबॉल वाढला तो गिरमिटिया भारतीयांच्या वस्त्यांतून. त्यांच्या संघटनेची स्थापना १९३८ ची, आणि सुरुवातीला तिच्या नावातच 'इंडियन' होतं. मोहन बागानसाठी खेळलेला रॉय कृष्णा त्याच मातीतला.)

२०१६ मध्येच २० वर्षांखालील मुलींचा वर्ल्डकप पोर्ट मोर्सबीला भरला. सगळ्या मॅचेस एकाच शहरात. यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला आणि यजमान तिन्ही मॅचेस हरले. आपल्याला यात हसण्यासारखं काही नाही. २०२२ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्डकप भारतात झाला, फायनल नवी मुंबईत, आणि आपल्या मुलीही तिन्ही मॅचेस हरल्या, गोल एकही नाही. पण पापुआ न्यू गिनीत या स्पर्धेला वेगळा अर्थ होता. स्त्रियांवरच्या हिंसाचाराच्या बाबतीत हा देश जगातल्या सर्वात वाईट देशांत मोजला जातो. तिथे संध्याकाळी एकट्या मुलीने सरावाला जायचं की नाही, हा प्रश्न कोचच्या डावपेचांच्या आधी येतो. अशा शहरात स्टेडियमचे दिवे लावून, तिकिटं विकून, मुलींच्या मॅचेस झाल्या.

या संघाचं टोपणनाव 'लकाटोई' आहे. लकाटोई म्हणजे पोर्ट मोर्सबीच्या किनाऱ्यावरच्या मोटू लोकांचं पारंपरिक जहाज. झाडाचे कोरलेले अनेक ओंडके शेजारीशेजारी बांधायचे, वर खेकड्याच्या नांगीच्या आकाराची शिडं उभारायची. मोटू बायका मातीची मडकी घडवायच्या, पुरुष ती लकाटोईत भरून पश्चिमेकडे न्यायचे आणि बदल्यात साबुदाण्याचं पीठ आणि लाकूड घेऊन यायचे. त्या सफरीत जहाजावर बसायचे पुरुष. आता जहाजाचं नाव मुलींच्या संघाला आहे.

आणि मग जहाज निघालं. २०२३ चा वर्ल्डकप ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला मिळाला, संघ २४ वरून ३२ झाले. यजमान म्हणून न्यूझीलंड आधीच आत, त्यामुळे ओशनियासाठी उरलेली प्ले-ऑफची जागा पहिल्यांदाच बेटांच्या हाती आली. कोविडमध्ये सीमा बंद, सामने बंद, अशा अवस्थेतून उठून जुलै २०२२ मध्ये नऊ संघ सुवामध्ये जमले. फायनलमध्ये पापुआ न्यू गिनीने यजमान फिजीला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर २-१ ने हरवलं आणि पहिल्यांदा ओशनियाचं विजेतेपद मिळवलं.

प्ले-ऑफ होती न्यूझीलंडमध्ये. १९ फेब्रुवारी २०२३, समोर पनामा. हरल्या, ०-२. पनामा पुढे पॅराग्वेला १-० ने हरवून वर्ल्डकपला गेलं. टीव्हीवर ही बातमी खालच्या पट्टीत एका ओळीची असेल. पण वरच्या गणिताने बघा. बंद सिस्टिमचं झाकण उघडून पापुआ न्यू गिनीच्या मुली दुसऱ्या खंडातल्या संघाशी खेळल्या, आणि तो संघ पाच महिन्यांनी ब्राझील-फ्रान्सच्या गटात उतरला. त्याने त्यांच्यावर दोनच गोल केले. मी तरी हा निकाल सलग पाच सुवर्णपदकांच्या वर ठेवीन.

२०२७ च्या वर्ल्डकपसाठी ओशनियाला एक थेट जागा आणि एक प्ले-ऑफची संधी अशी विभागणी झाली. म्हणजे न्यूझीलंडच्या मागे दुसरं यायलाही आता किंमत आली, आणि दुसऱ्या नंबरसाठी बेटांमध्ये चुरस. तिची चुणूक आधीच दिसली. जुलै २०२५ मध्ये न्यूझीलंडशिवाय ओशनिया स्पर्धा पुन्हा सुवामध्ये झाली. पापुआ न्यू गिनी पुन्हा फायनलला पोचलं, या वेळी समोर शेजारचं सॉलोमन आयलंड्स. कप सॉलोमनच्या मुलींनी नेला, त्यांचा पहिलाच.