स्वस्त सरपण महागात पडते



पोरिरुआत दक्षिणेचा वारा सुटला की आमची लाकडी भिंतींची घरे आतून गारठतात. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी एका फिरत्या विक्रेत्याकडून ट्रेलरभर लाकूड घेतले. भाव इतरांपेक्षा बराच कमी होता. पावती मिळाली नाही आणि लाकूड कुठले, हे मीही विचारले नाही. वुडबर्नर पेटेना, पेटलाच तर नुसता धुमसे. काच काळी झाली आणि आईचा दमा बळावला. अखेर विजेचा हीटर लावला. लाकडात वाचवलेले पैसे वीजबिलात गेले.

कारण साधे आहे. ताज्या तोडलेल्या पाइनच्या वजनात निम्मे किंवा त्याहूनही जास्त पाणी असते. जाळताना आधी या पाण्याची वाफ व्हावी लागते. त्यात उष्णता खर्ची पडते, आग पुरेशी तापत नाही आणि लाकडातले वायू अर्धवट जळून धुरावाटे निघून जातात. ओलावा २० टक्के असलेल्या किलोभर लाकडात साधारण ४ युनिट उष्णता असते; निम्मे पाणी असलेल्या किलोभर लाकडातून जेमतेम सव्वादोन मिळते. धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात. धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि कधी तोच पेट घेतो.

१ सप्टेंबर २००५ पासून दोन हेक्टरपेक्षा लहान जागेवर बसवलेल्या नव्या वुडबर्नरमधून किलोभर लाकडामागे दीड ग्रॅमपेक्षा जास्त कण निघू नयेत, असा देशभर नियम आहे. परंतु ही मोजणी सुक्या लाकडावर होते. ओले लाकूड घातले की चांगला वुडबर्नरही धूरच ओकतो.

म्हणून लाकूड घेताना दोन प्रश्न विचारावेत.

पहिला : किती सुके आहे? ओलावा २५ टक्क्यांच्या आत हवा. दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास टणक आवाज यावा, टोकांना भेगा दिसाव्यात. ओलावा मोजायचे छोटे यंत्र असल्यास तुकडा फोडून आतल्या बाजूला लावावे.

दुसरा : कुठून आणले? संवर्धन खात्याच्या जमिनीवरून परवानगीशिवाय लाकूड नेणे हा १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९४९ च्या वन कायद्यात १९९३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर देशी झाडांचे लाकूड सरकारी मंजुरीविना गिरणीत कापता येत नाही. खासगी पाइनच्या लागवडीतले लाकूडही कुणाच्या तरी मालकीचे असते. चोरून तोडणारा ते सुकेपर्यंत थांबत नाही. त्यामुळे असे लाकूड बहुधा ओलेच असते. पावती आणि ठिकाण सांगणाऱ्याकडूनच घ्यावे. भाव घनमीटरचा असेल, तर तो रचलेल्या लाकडाचा की नुसत्या टाकलेल्या, हेही विचारावे. रचल्यावर ढीग बराच लहान होतो.

फुकट मिळाले म्हणून बांधकामातले औषध मारलेले लाकूड कधीही जाळू नये. त्यात बहुधा आर्सेनिक असते. ते धुरात आणि राखेत उतरते. किनाऱ्यावर वाहून आलेले लाकूडही नको. त्यातल्या मिठाने वुडबर्नरचे लोखंड गंजते.

धुराडे दरवर्षी साफ करून घ्यावे. राख झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी; आतला निखारा पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो. नवा वुडबर्नर बसवताना नगर परिषदेची परवानगी लागते. भाड्याच्या घरात मुख्य खोली १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असा पक्का बसवलेला हीटर देणे ही १ जुलै २०२५ पासून सर्व घरमालकांची जबाबदारी आहे. तो मागायला संकोच नको.

कोकणात आमची आजी आगोटीआधीच सरपण पडवीत रचून ठेवी. इथे ऋतू उलटे असले तरी शहाणपण तेच. जूनच्या थंडीचे लाकूड डिसेंबर-जानेवारीत घ्यावे, खालून वारा जाईल असे रचावे आणि फक्त वरून झाकावे. पाइनला सहा महिने तरी लागतात, निलगिरीसारख्या कठीण लाकडाला वर्ष किंवा अधिक. आता आमची लाकडे उन्हाळ्यातच रचली जातात. आई शेजारी बसते आणि धुराचा वासही येत नाही.