पोटातलं लोणी

आमच्या मनमाडात नळाला पाणी आलं की आधी टाकी, मग पिंपं, मग हंडे-कळशा, हा क्रम ठरलेला. वर्षानुवर्षं पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी आलेलं आम्ही पाहिलंय. साठवणीचं पाणी आणि जुलाब यांची इथे घरोघरी जुनी ओळख. म्हणून शेजारच्या वहिनींच्या मुलाला शौचातून रक्त जाऊ लागलं तेव्हा कुणी दचकलं नाही. आधी आव म्हणाले, मग उष्णता, मग मूळव्याध. दीड वर्ष त्यातच गेलं. शेवटी नाशिकला दुर्बिणीची तपासणी झाली आणि कागदावर आलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूज. वहिनींना स्वतःला लहानपणापासून दमा, उशाशी कायम पंप. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, माझी छाती आणि पोराचं पोट, ह्याचं काही नातं असेल का हो?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. उत्तराची सुरुवात मात्र ताटापासून करावी लागते.

बाजरीच्या भाकरीतला कोंडा, डाळीचं साल, कांदा यांतलं बरंच काही आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात. त्यांतला एक फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झाई. हवा लागली की काही मिनिटांत मरणारा, पण निरोगी पोटात मुबलक. तो तंतू आंबवून ब्यूटिरेट तयार करतो. हे नाव लोण्यावरूनच पडलंय, कारण त्याचं आम्ल पहिल्यांदा लोण्यात सापडलं. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः याच इंधनावर जगतात. शिवाय शरीराच्या रखवालदार पेशींना ते आवर घालतं, नाहीतर त्या घरच्याच माणसांवर काठी उगारतात.

२००८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्याच दुसऱ्या आजाराचे रुग्ण तपासले. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांच्या आतड्यात हा जिवाणू कमी होता, त्यांचा आजार सहा महिन्यांत उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. छातीकडचा धागा २०१५ साली कॅनडात हाती आला. तिथे ३१९ बाळांची शी तपासली गेली. वर्षाची होईतो ज्यांना छातीत घरघर आणि ॲलर्जी दिसू लागली, त्यांच्या पोटात तीन महिन्यांच्या वयात चार जिवाणू-कुळं कमी होती. त्यांतलं एक हेच, फिकॅलिबॅक्टेरियम. वर्षभरात हा फरक बराचसा बुजला, म्हणजे महत्त्वाचे ते पहिले शंभर दिवस. ही चार कुळं उंदरांना दिली तेव्हा त्यांच्या पिल्लांच्या फुप्फुसांतला दाह कमी झाला.

म्हणजे वहिनींचं नातं खरं? धागा खरा आहे. पण आतडं सुजलं म्हणून जिवाणू गेले की जिवाणू गेले म्हणून आतडं सुजलं, हे माणसांत अजून सुटलेलं नाही. सूज आणि औषधं दोन्ही ही वस्ती विसकटतात.

आणि वस्ती म्हटली की कुणाची, हेही विचारायला हवं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी हेच विचारलं. २०१२ सालच्या अभ्यासात त्यांनी दोन कुटुंबं घेतली, प्रत्येकात एका छपराखाली नांदणाऱ्या तीन पिढ्या; वयागणिक पोटातली वस्ती बदलत जाते हे त्यात दिसलं. एकत्र कुटुंब हीच प्रयोगशाळा! २०१६ सालच्या कामातून पुढे आलं की भारतीय पोटांत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा जास्त. प्रेव्होटेला सहसा धान्य-भाज्यांच्या, तंतूंच्या जेवणाशी जोडला जातो. म्हणून पाश्चात्त्य माणसाचं पोट प्रमाण धरून भाकरी खाणाऱ्याच्या पोटाला कमी-जास्त ठरवणारा अहवाल मला पटत नाही. वहिनींना मी शी तपासून 'गुण' देणाऱ्या चाचणीवर पैसे घालू दिले नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती पोटातली ही वस्ती विसकटणाऱ्या प्रतिजैविकांची. बाळाला सर्दी झाली की दुकानातून बाटली आणायची ही आपली सवय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात तान्ह्या बाळांना दिली जाणारी प्रतिजैविकं घटली, आणि लहान मुलांतला नवा दमाही सुमारे २६ टक्क्यांनी घटला. जिवाणूंमुळे झालेल्या न्यूमोनियात ही औषधं जीव वाचवतात. पण साध्या सर्दीला कशाला?

आता कांद्याचं. लासलगाव शेजारी, त्यामुळे बुक्कीने फोडलेल्या कांद्याशिवाय आमची भाकरी उतरत नाही. कांद्यातलं फ्रुक्टन आपल्याला पचत नाही, जिवाणूंना मात्र ती मेजवानी. पण आयबीएसच्या, म्हणजे सूज नसतानाही पोटात कळ उठणाऱ्या माणसाला त्याच मेजवानीतून निघालेला वायू सोसवत नाही. कोलायटिस भडकलेला असतानाही चोथा जपूनच खावा लागतो. म्हणून 'तंतू खा' हा सल्ला सरसकट देता येत नाही.

वहिनींचा पंप सुरू आहे, मुलाच्या गोळ्याही. रक्त थांबून चार महिने झाले. परवा डॉक्टरांच्या परवानगीने त्याच्या ताटात दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी आली. ताटातला कांदा त्याने बाजूला सारला. वहिनींनी तो उचलला आणि स्वतःच्या भाकरीवर ठेवला.