अपघातानंतरचे सहा महिने

जिल्ह्याच्या बातम्यांच्या पानावर एक मजकूर जवळजवळ रोजचाच झाला आहे. मोटारसायकल खडीवरून घसरते, मागून आलेल्या ट्रकची धडक बसते, किंवा आडव्या आलेल्या जनावराला चुकविताना स्वाराचा तोल जातो. एक ठार होतो, दुसरा 'गंभीर जखमी' होतो. पोलीस अधिक तपास करीत असल्याचे वाक्य शेवटी येते आणि बातमी संपते. मृताची कहाणी तेथे खरोखरच संपलेली असते. जखमीची मात्र तेथून सुरू होते, आणि तिची नोंद ठेवण्याची आवश्यकता कोणालाच भासत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली व ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. चर्चा होते ती पहिल्या आकड्याची, आणि ते योग्यही आहे. परंतु दुसऱ्या आकड्यातील प्रत्येक माणूस पुढे पुन्हा आपल्या कामावर उभा राहिला काय, हा प्रश्न त्या आकड्याच्या पोटात दडलेला आहे. तो विशेष टोचतो तो कामाच्या निमित्ताने दुचाकीवर बसणाऱ्यांच्या बाबतीत.

मोटारसायकल ही एके काळी हौसेची वस्तू होती. आज ती असंख्य नोकरदारांचे हत्यार आहे. डोंगरपायथ्याच्या वाडीवरील शाळेत सकाळी सातला पोहोचणाऱ्या शिक्षकाला त्या वेळी एस. टी. मिळत नाही. दिवसातून दहा डॉक्टरांना भेटणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, पतसंस्थेचा वसुली कर्मचारी, वीज कंपनीचा वायरमन, घरोघर जेवणाचे डबे आणि पार्सले पोहोचविणारा तरुण, या सर्वांची कचेरी म्हणजे रस्ताच होय. कारकुनाला खुर्ची लागते, तशी त्यांना दुचाकी लागते. खुर्ची मोडून मात्र कोणी सहा महिने अंथरुणाला खिळत नाही.

हाडाचे वेळापत्रक

दुचाकीच्या अपघातात पाय हा सर्वांत उघडा अवयव असतो, आणि पायात नडगीचे हाड. या हाडाच्या पुढच्या-आतल्या बाजूवर स्नायूंचे आवरण नसते; केवळ कातडी असते. त्यामुळे ते मोडले की पुष्कळदा कातडी फाडून बाहेर येते, जखमेत रस्त्यावरची माती जाते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. स्नायूंचे आवरण नसल्यामुळे रक्तपुरवठाही बेताचाच. म्हणून नडगीचे साधे मोडलेले हाड जुळायला चार ते सहा महिने सहज लागतात. जखम उघडी असेल तर त्याहून अधिक. मधुमेह असेल किंवा विडी-सिगारेटचे व्यसन असेल, तर ही मुदत आणखी लांबते.

शल्यविद्येने या बाबतीत मोठी मजल मारली आहे, यात शंका नाही. जर्मनीतील कील येथे गेऱ्हार्ड क्युन्चर या शल्यविशारदाने १९३९ साली हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसविण्याची पद्धत सुरू केली. पूर्वी वजने लटकावून अनेक आठवडे निजून राहावे लागे. आता दांडा बसविल्यावर रोगी काही दिवसांत कुबड्यांवर उभा राहू शकतो. पण येथेच घरच्यांची आणि वरिष्ठांची फसगत होते. माणूस चालताना दिसला म्हणजे बरा झाला, असे त्यांना वाटते. दांडा हाडाला केवळ आधार देतो. हाड आपल्याच गतीने जुळते. दरम्यान मांडीचे स्नायू झिजलेले असतात, गुडघा आखडलेला असतो, घोटा वळत नसतो. हे सर्व मोकळे करण्याचे काम भौतिकोपचाराचे. ते कंटाळवाणे, वेदनेचे आणि आठवड्यामागून आठवडे चालणारे असते.

डोक्याला मार लागला असेल तर प्रकरण आणखी नाजूक. मेंदूचे छायाचित्र निर्दोष आले तरी पुढे कित्येक आठवडे, कधी महिने, लक्ष लागत नाही, आठवण दगा देते, लहान गोष्टीवरून संताप येतो. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. साहेब म्हणतात, कामचुकार झाला. शिवाय ज्या वाहनावरून पडला, त्याच वाहनावर पुन्हा बसून त्याच वळणावरून जायचे असते. त्या वळणाशी हात थरथरतात, हे सांगण्याची पुरुषांना लाज वाटते. ही भीती कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिली जात नाही.

या सहा महिन्यांच्या तुलनेत सार्वजनिक व्यवस्था किती काळ सोबत करते? रस्ते अपघातातील जखमींवर रोख पैसे न घेता उपचार करण्याची योजना केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये जारी केली. तीनुसार अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, ठरावीक रुग्णालयांत उपचार मिळतात. ही योजना स्वागतार्ह आहे. पहिल्या तासात अनामत रकमेवाचून दारात अडलेला जखमी तिच्यामुळे वाचू शकेल. परंतु आठव्या दिवसापासून पुढचा सगळा काळ त्याचा स्वतःचा आहे.

'कामावर' म्हणजे कोठे?

या काळात घर कशावर चालावे? या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या शब्दसमूहावर अवलंबून राहिले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, 'नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात' उद्भवलेल्या अपघाताची जबाबदारी मालकावर टाकली. गिरणीत पट्ट्यात हात सापडला तर शंकेला जागा नव्हती. पण गिरणीच्या वाटेवर पाय मोडला तर?

एका कामगाराला १९७१ साली सायकलवरून कारखान्याकडे जाताना लॉरीची धडक बसली. कारखाना सुमारे एक किलोमीटर राहिला होता, आणि पाळी सुरू व्हायला पंधरा मिनिटे. राज्य विम्याच्या लाभासाठीचा त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ मध्ये निकाल लागला, की हा अपघात नोकरीच्या ओघातील नव्हे. त्यानंतर २०१० साली राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन घर ते कामाचे ठिकाण हा प्रवास विशिष्ट अटींवर त्यात आला. मात्र १९२३ च्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली नाही.

ही त्रुटी दूर झाली ती मराठवाड्यातील एका प्रकरणामुळे. साखर कारखान्याचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई मंजूर केली. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. अपघाताची वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर कामाला जाण्या-येण्याच्या वाटेवरील अपघातही नोकरीच्या ओघातीलच होय, असे न्यायालयाने म्हटले. सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच तत्त्व शब्दांत उतरले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तत्त्व मान्य झाले हे समाधानाचेच. पण त्या कुटुंबाची बावीस वर्षे कोणत्या संहितेने परत द्यावीत?

तत्त्व मान्य झाल्यावरही हातात काय पडते, ते पाहण्यासारखे आहे. राज्य विमा योजनेतील कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. परंतु ती योजना वेतनाच्या एका मर्यादेपर्यंतच्या नोकरांनाच लागू आहे. नुकसानभरपाईच्या कायद्याने दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याकाठी निम्मे वेतन, देऊ केले. तेही सरकारने ठरविलेल्या वेतनमर्यादेत. शासकीय कर्मचाऱ्याला कामामुळे झालेल्या दुखापतीसाठी विशेष विकलांगता रजेची तरतूद आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला त्याला काढून टाकता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. खासगी संस्थेतील नोकराला एवढे भक्कम कवच नाही. पार्सल पोहोचविणाऱ्या तरुणाला तर कंपनी नोकर म्हणतच नाही. तो म्हणे 'भागीदार'! नफ्यात ज्याचा वाटा नाही आणि मोडलेला पाय मात्र संपूर्णपणे ज्याच्या मालकीचा, अशी ही भागीदारी. नव्या संहितेने या कामगारांची दखल घेतली हे खरे. परंतु दखल म्हणजे हक्क नव्हे.

अनेकांचा भरवसा वाहनाच्या विम्यावर असतो. बहुतेकांजवळ असतो तो सक्तीचा विमा, आणि तो दुसऱ्याचे नुकसान भरून देण्यासाठी आहे. खडीवरून एकटाच घसरलेला स्वार या विम्याच्या दृष्टीने 'दुसरा' नसतो. मालक-चालकासाठी २०१८ पासून १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा आहे. तो मृत्यूसाठी आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. सहा महिने अंथरुणावर पडून पुन्हा उभ्या राहणाऱ्यासाठी त्यात काही नाही. थोडक्यात, मेला तर विमा आहे, कायमचा पंगू झाला तर आहे. बरा होणाऱ्याला मात्र बरे होण्याचा खर्च स्वतःच सोसावा लागतो.

उभे करण्याची जबाबदारी

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की पुष्कळ स्वार शिरस्त्राण घालीत नाहीत, वेग आवरत नाहीत. त्यांच्या चुकीचा भार मालकाने का वाहावा? शिरस्त्राण न घालणे हा अविचारच आहे आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. पण ज्याचे काम, त्यानेच या बाबतीत पुढाकार घ्यायचा असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराचे संदेशवाहक मोटारसायकलींवरून रात्रंदिवस धावत. त्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास ह्यू केर्न्स या शल्यविशारदाने १९४१ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी लष्कराने संदेशवाहकांना शिरस्त्राण सक्तीचे केले. लष्कराने स्वारांना केवळ दोष दिला नाही, नियम केला. शिवाय १९२३ च्या कायद्यातही केवळ निष्काळजीपणा हा भरपाई नाकारण्याचा आधार नव्हता. नशापान किंवा सुरक्षेच्या आज्ञेचा हेतुपुरस्सर भंग यांसारखी कारणेच त्यात होती.

दुसरा आक्षेप पैशांचा. लहान संस्थांना हा भार झेपणार नाही, असे म्हणतात. जर्मनीने या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. तेथे १८८४ च्या कायद्याने मालकांच्या वर्गणीतून अपघात विमा उभा राहिला. १९२५ पासून कामाच्या वाटेवरील अपघातही त्यात आले. विमामंडळांनी भरपाई वाटून हात झटकले नाहीत; त्यांनी स्वतःची अपघात-रुग्णालये चालविली. बोखुम येथील खाणकामगारांचे रुग्णालय १८९० चे आहे. 'निवृत्तिवेतनाआधी पुनर्वसन' हे तेथील सूत्र. हिशेबाच्या दृष्टीनेही ते चोख आहे. पायावर उभा केलेला कामगार वर्गणी भरतो. घरी बसविलेला कामगार ती खातो.

महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, आणि मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करीत आहे. उणीव आहे ती मुंबई-पुण्यापलीकडे. नडगी मोडलेल्या शिक्षकाने आठवड्यातून तीन वेळा जिल्ह्याच्या गावी जाऊन गुडघा वळवून घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. कारण ज्या वाहनाने तो तेथे जाऊ शकला असता, त्यावर बसणे त्याला मना आहे. भौतिकोपचार तालुक्याच्या रुग्णालयात मिळाला पाहिजे, आणि सात दिवसांची योजना तेथपर्यंत लांबविली पाहिजे.

संस्थांनाही करता येण्याजोगे पुष्कळ आहे. ज्यांना कामासाठी दुचाकीवर पाठविले जाते, त्यांच्यासाठी तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला रक्कम देणारा गट विमा घेता येतो. परतलेल्या माणसाला पहिले दोन महिने बैठे काम देता येते. फिरतीचे उद्दिष्ट तेवढ्या काळापुरते कमी करता येते. दुखापतीचे मोल अवयवावरून नव्हे, कामावरून ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात उदाहरण देऊन सांगितले आहे. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्णच बुडते. सरकारी कारकुनाची नोकरी मात्र त्यामुळे जातेच असे नाही. याचाच दुसरा अर्थ असा, की काम बदलून दिले तर तीच दुखापत हलकी होते. डॉक्टर हाड जोडू शकतो. दुखापत हलकी करण्याचे हे सामर्थ्य मात्र वरिष्ठाच्या टेबलावर असते.

कामासाठी रस्त्यावर पाठविलेला माणूस रस्त्यावर पडला, तर तो कामावरच पडला, एवढे आता कायद्याने मान्य केले आहे. तो पुन्हा कामावर उभा राहीपर्यंत त्याची रजा, त्याचा पगार आणि त्याचा उपचार हाही कामाचाच भाग होय, हे मान्य करणे बाकी आहे. त्यासाठी आणखी बावीस वर्षे लागू नयेत.