वार्धक्य, औषधांची मात्रा आणि आमचे मुके रुग्ण

“डॉक्टर, तीन वर्षांपूर्वी हीच गोळी दिली होती. तेव्हा गुण आला, मग आताच का बाधली?” वृद्ध कुत्र्याला घेऊन येणाऱ्या पालकांचा हा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. गोळी तीच असली, तरी ती पचविणारे शरीर तेच राहिलेले नसते. यामागील कारणे आमच्या हितचिंतकांना समजावीत, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

पोटात गेलेले औषध रक्तावाटे सर्वत्र पसरते, यकृतात त्याचे रूपांतर होते आणि मूत्र व पित्त यांवाटे ते बाहेर पडते. वार्धक्याचा परिणाम या प्रत्येक टप्प्यावर होतो. वयानुसार स्नायू व शरीरातील पाणी घटते आणि चरबीचे प्रमाण वाढते. त्यामुळे डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात. तर जेंटामायसिनसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी तेवढ्याच मात्रेत अधिक चढते. यकृताचे आकारमान व त्यातील रक्तप्रवाहही कमी होतो. मेंदू अधिक संवेदनशील झाल्याने भुलीचे औषध थोडक्या मात्रेतही पुरेसे ठरते.

प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरांमध्ये, वृद्ध नरांच्या यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील काही विकरे लक्षणीय घटतात. माद्यांमध्ये ही घट तितकी आढळत नाही. म्हणून एका प्राण्यावरील निष्कर्ष दुसऱ्यास सरसकट लावता येत नाहीत. मांजराच्या यकृतात तर पॅरासिटामॉल निष्प्रभ करणारी एक महत्त्वाची प्रक्रिया जन्मतःच दुबळी असते. माणसाची ही साधी गोळी कोणत्याही वयाच्या मांजराचा प्राण घेऊ शकते.

सर्वांत मोठा धोका मूत्रपिंडांचा. त्यांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता नष्ट होईपर्यंत रक्तातील क्रिएटिनीन बहुधा वाढत नाही. शिवाय हा घटक स्नायूंतून निर्माण होत असल्याने कृश, वृद्ध जनावरात तो फसवा कमी दिसतो. अशा मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा, विशेषतः शरीरात पाणी कमी असताना, प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांवर अवलंबून असतो. सांधेदुखीवरील बहुतेक वेदनाशामके नेमकी हीच द्रव्ये रोखतात. उलट्या किंवा जुलाब होत असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यास घरात उरलेली गोळी देणे म्हणूनच घातक ठरते.

याचा अर्थ वृद्ध प्राण्याने वेदना सोसत राहावे, असा मुळीच नाही. वेदना दूर करणे हे आमचे कर्तव्यच आहे. मात्र ते विचारपूर्वक व्हावे. प्रत्येक भेटीत वजन, आवश्यक तेथे रक्त व लघवीची तपासणी, गुण येईल अशी कमीत कमी मात्रा आणि काही दिवसांनी फेरतपासणी, हा क्रम आम्ही पाळतो. वेदनाशामकासोबत स्टेरॉइड देण्याचे टाळतो. पालकांनी सुरू असलेली सर्व औषधे, घरगुती काढेसुद्धा, आम्हांस सांगावीत. भूक मंदावणे, उलटी, काळी विष्ठा किंवा अधिक तहान दिसताच गोळी थांबवून त्वरित संपर्क साधावा.

मुक्या जिवाला आपली बाधा बोलून दाखविता येत नाही. ज्याने आयुष्यभर आपल्या दारात राखण केली, त्याच्या उतारवयात त्याच्याकडे लक्ष ठेवण्याचे काम आता आपले आहे.