लेखांक ४ : खाणीतल्या मुलांचा लॉर्ड

मागच्या लेखांकात आपण मायकेल सॅडलर यांच्यापाशी थांबलो होतो. गिरण्यांतला दिवस दहा तासांचा करा ही मागणी त्यांनी पार्लमेंटमध्ये लावून धरली आणि १८३२च्या निवडणुकीत ते लीड्समध्ये पडले. चळवळीला आता नवा खासदार हवा होता. तो मिळाला अगदी अनपेक्षित घरात. लॉर्ड अ‍ॅशली हे शाफ्ट्सबरीच्या अर्लचे थोरले चिरंजीव, हॅरो आणि ऑक्सफर्डला शिकलेले, पक्के टोरी.

श्रीमंत घरात जन्मूनही त्यांचं बालपण मायेविना गेलं. आईवडिलांनी कधी जवळ घेतलं नाही. जीव लावला तो मारिया मिलिस या घर सांभाळणाऱ्या बाईने, आणि प्रार्थना शिकवली तीही तिनेच. मरताना तिने आपलं सोन्याचं घड्याळ या मुलाच्या नावे ठेवलं. अ‍ॅशली ते आयुष्यभर वापरत राहिले. त्यांची धर्मश्रद्धा आणि उपेक्षित मुलांविषयीचा कळवळा, दोन्हींचं मूळ मला या बाईत दिसतं.

१८४२ साली त्यांच्या आग्रहावरून नेमलेल्या आयोगाचा कोळसा खाणींवरचा अहवाल आला, तोही चित्रांसकट. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी दारं असत. गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचं, गेली की सोडायचं. एवढ्याच कामासाठी पाच-सहा वर्षांची मुलं बारा-बारा तास काळोखात एकटी बसत. थोड्या मोठ्या मुलामुलींच्या कमरेला पट्टा बांधलेला असे. पट्ट्याची साखळी दोन पायांमधून मागे कोळशाच्या गाडीला अडकवायची आणि हातागुडघ्यांवर रांगत गाडी ओढायची. ही चित्रं पाहून इंग्लंड हादरलं. जूनमध्ये अ‍ॅशली कॉमन्समध्ये दोन तास बोलले. कारखान्यांच्या प्रश्नावर त्यांना कायम विरोध करणारे रिचर्ड कॉब्डेन भाषणानंतर त्यांच्यापाशी आले आणि त्यांनी अ‍ॅशलींचा हात हातात घेतला. लॉर्ड्समध्ये मात्र खाणमालक लॉर्ड लंडनडेरी यांनी विधेयकाशी झुंज मांडली. मुलग्यांसाठी मागितलेली तेरा वर्षांची मर्यादा दहावर आली, पण बायका आणि मुली खाणीतून कायमच्या वर आल्या.

दहा तासांचा कायदा १८४७ साली झाला, तेव्हा अ‍ॅशली सभागृहात नव्हते. परदेशी धान्यावर जकात बसवून इथल्या शेतीमालाचे भाव राखणाऱ्या धान्य कायद्यांविषयी मत बदललं, आता शेतकरी मतदारांचा प्रतिनिधी म्हणून बसणं प्रामाणिकपणाचं नाही, असं ठरवून त्यांनी आदल्या वर्षी राजीनामा दिला होता. विधेयक तडीस नेलं जॉन फील्डेन यांनी, जे स्वतः गिरणीमालक होते.

अ‍ॅशलींच्या चरित्रातली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मजुरांसाठी इतका झिजलेला हा माणूस त्याच मजुरांना मत देण्याच्या विरोधात होता. १८६७च्या मताधिकार विधेयकाला आणि पुढे गुप्त मतदानालाही त्यांनी विरोध केला. गरिबांचं रक्षण हे वरच्या वर्गाचं ईश्वरदत्त कर्तव्य आहे, अशी त्यांची धारणा होती. गरिबांनी स्वतः सत्ता हाती घ्यावी, हे त्यांना कधीच पटलं नाही. ही मर्यादा मोठी आहे आणि ती झाकू नये. पण कर्तव्याचं हे ओझं ते खरोखर वाहत होते, हेही तितकंच खरं. १८५१ साली वडील गेले, अर्लपद आलं, त्याबरोबर कर्जही आलं आणि डॉर्सेटमधल्या आपल्याच जमिनीवरच्या मजुरांची मोडकी घरं समोर आली. त्यांनी पैसे उभे करून नवी घरं बांधायला घेतली. चिमण्या साफ करायला लहान मुलांना आत चढवण्याची चाल मोडायला तर त्यांना १८७५ साल उजाडलं. आधीचे कायदे कोणी जुमानले नव्हते.

त्याच १८७५ साली त्यांनी लॉर्ड्समध्ये हिंदुस्थानातल्या गिरण्यांचा विषय काढला. मुंबई सरकारनेही त्याच साली चौकशी आयोग नेमला. इथल्या गिरण्यांना लगाम बसावा यात लँकेशायरच्या मालकांचा स्वार्थ होताच, त्यामुळे मुंबईचे गिरणीवाले या कळवळ्याकडे संशयाने पाहत. तरीही १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी आली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा ठरली. प्रौढ कामगारांच्या तासांना त्यात हातही लावलेला नव्हता. त्यांच्याही तासांना मर्यादा हवी, ही मागणी घेऊन नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.