ट्रक चढ घेत नाही : इंधनाचा दाब कुठे हरवतो?

माल भरलेला ट्रक सपाट रस्त्यावर नीट धावतो, पण कसारा घाट लागला की ओढत नाही. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये तपासणीयंत्र जोडले की पडद्यावर ‘पी ००८७’ हा संकेतांक उमटतो. अर्थ असा की, इंधनाचा दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. येथे पुष्कळदा सरळ पंप बदलण्याचा सल्ला मिळतो. पंप महागडा असतो. ट्रकचा मालकच चालक असेल तर कित्येक फेऱ्यांची कमाई त्यात जाते. आणि नवा पंप बसवूनही पुढच्या घाटात दिवा लागला तर? अंगात ताप आहे एवढ्यावरून मलेरिया की विषमज्वर हे जसे ठरत नाही, तसेच दाब कमी आहे एवढ्यावरून पंप खराब ठरत नाही.

आधी रचना पाहू. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ मानके लागू झाली. त्यानंतरचे बहुतेक डिझेल ट्रक ‘कॉमन रेल’ पद्धतीचे आहेत. (ट्रकमध्ये ही पद्धत प्रथम १९९५ मध्ये जपानात आली.) रेल म्हणजे येथे रूळ नव्हे, तर जाड पोलादी नळी. टाकीतले डिझेल एक छोटा पंप आधीच्या गाळणीतून ओढून घेतो आणि काही बार दाबाने मुख्य फिल्टरमधून पुढे ढकलतो. मग उच्चदाब पंप ते रेलमध्ये कोंबतो. सर्व इंजेक्टरांना याच नळीतून डिझेल मिळते. उरलेले डिझेल परतीच्या नळ्यांनी टाकीत जाते.

पूर्ण भार असताना रेलमधला दाब १६०० बार किंवा त्याहूनही अधिक असतो. पृथ्वीवरील सर्वांत खोल सागरी गर्तेच्या तळाशी, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर खोलीवर, दाब ११०० बारच्या आसपास असतो. १६०० बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, दीड टनाहून अधिक भार!

हा दाब येतो कोठून? ‘पंप दाब निर्माण करतो’ असे आपण सहज म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. पंप द्रव पुढे सारतो. पुढे अडथळा असला की दाब चढतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की हे कळते. म्हणून रेलमधला दाब घटण्याची कारणे मुख्यतः दोन : आत पुरेसे डिझेल येत नाही, किंवा आलेले निसटून जाते. तिसरी शक्यता अशी की, दाब ठीक आहे आणि मापकच खोटे बोलतो.

तिसरी आधी तपासावी, कारण तिला पैसे पडत नाहीत. इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि फक्त किल्ली फिरवून दाब वाचावा. तो शून्याच्या जवळ हवा. तसा नसेल तर संवेदक किंवा त्याची वायर संशयित. व्हर्निअर वापरण्यापूर्वी शून्यत्रुटी पाहा, असे प्रयोगशाळेत आपण मुलांना सांगतो ते हेच.

आता यंत्रावर ‘हवा असलेला दाब’ आणि ‘प्रत्यक्ष दाब’ हे दोन आकडे शेजारी ठेवून गाडी चालवावी. इंजिन मंद फिरताना दोन्ही जुळतात आणि चढावर फरक पडतो, असे असेल तर आधी पुरवठ्याकडे वळावे. अर्धवट तुंबलेला फिल्टर थोड्या प्रवाहाला फारसा अडवत नाही. प्रवाह वाढला की त्याच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक वाढतो. रोधातून विद्युतधारा वाढवली की विभवांतर वाढते, तसेच हे. मात्र गाडी सुरू होतानाच दाब चढत नसेल तर गळतीचाही संशय घ्यावा.

पुरवठ्याच्या बाजूला एक गंमत आहे. टाकीपासून छोट्या पंपापर्यंतच्या नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी असतो. तिला बारीक चीर असेल तर इंजिन चालू असताना बाहेर डिझेलचा थेंबही दिसत नाही, उलट हवा आत शिरते. मिस्त्री म्हणतात, ‘लाइन हवा धरते.’ वर्गात सरबताच्या नळीला टाचणीने भोक पाडून पाणी ओढायला सांगावे. भोकातून पाणी गळत नाही, पण तोंडात बुडबुडे येतात. मग तीच नळी चिमटीत दाबून ओढायला सांगावे. पाणी याही वेळी कमीच येते, पण गाल आत ओढले जातात.

ट्रकमध्येही दोहोंतला फरक असाच कळतो. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा आणि निर्वात मोजणारा मापक जोडतात. बुडबुडे भरपूर आणि निर्वात नगण्य, तर कुठेतरी चीर किंवा ढिला जोड. निर्वात वाढलेला, तर अडथळा : चोंदलेली गाळणी, दुमडलेली नळी किंवा टाकीच्या झाकणाचे बुजलेले हवेचे छिद्र. झाकण उघडताच गाडी ओढू लागली, तर दुरुस्ती काही मिनिटांची!

पुरवठा ठीक निघाला तर निसटणारे डिझेल शोधायचे. इंजेक्टरमधले भाग अगदी घट्ट बसणारे असतात. धूळ व पाणी यांनी ते झिजले की डिझेल परतीच्या नळीत पळते. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारख्या मापाची बाटली जोडून इंजिन ठरावीक वेळ चालवतात. पाच बाटल्यांत थोडे डिझेल आणि सहावी काठोकाठ, तर सहावा इंजेक्टर पकडला गेला. बाकी सारे सारखे ठेवून एकच गोष्ट ताडून पाहण्याचे इतके नेटके उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल. बाटल्या सारख्याच भरल्या तर रेलवरची दाबमर्यादा झडप तपासतात, आणि तीही निर्दोष असेल तर उच्चदाब पंपाची पाळी येते. त्यातही फिल्टरच्या तळाशी धातूची चमकती कणी दिसली तर पंप किंवा त्याआधीचे काही झिजते आहे हे ओळखावे. आकडे मात्र त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतलेच प्रमाण मानावेत.

आयटीआयला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट बजावून सांगायला हवी. जुन्या इंजिनांत कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करण्याची पद्धत होती. कॉमन रेलवर हे कधीही करू नये. इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून डिझेल आत घालते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. पण आतल्या ऊती मरू लागतात आणि उपचारास उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागू शकतो. गळती हात फिरवून शोधायची नसते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. असा अपघात झालाच तर दुखत नाही म्हणून थांबू नये; ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत शिरले आहे हे तेथे स्पष्ट सांगावे.