बहात्तर विजयांचे भाकीत

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, आणि हंगाम सुरू होण्याआधी कोण किती जिंकेल याचे आकडे जाहीर होतात. २०१५ साली ‘बेसबॉल प्रॉस्पेक्टस’च्या ‘पेकोटा’ या गणिती पद्धतीने कॅन्सस सिटी रॉयल्सला ७२ विजय दिले होते. रॉयल्सनी ९५ जिंकले आणि पुढे न्यूयॉर्क मेट्सना हरवून वर्ल्ड सीरिजही घेतली. या २३ विजयांच्या फरकावरून तेव्हा दोन तट पडले. एकाने म्हटले, आकडेवाल्यांची मस्ती उतरली. दुसऱ्याने म्हटले, नशिबाचा खेळ, पुढच्या वर्षी कळेलच. २०१३ ते २०१८ ही सहा वर्षे आता एकत्र पाहता येतात, आणि ती पाहिल्यावर मला दोन्ही तट चुकलेले वाटतात. त्या भाकिताची चूक खरी होती, मोठी होती. पण जिथे ती आहे असे सगळे सांगत होते, तिथे ती नव्हती.

आधी त्या संघाची पूर्वपीठिका. १९८५ साली वर्ल्ड सीरिज जिंकल्यावर रॉयल्सना बाद फेरीचे तोंड पुन्हा दिसायला २०१४ उजाडले. २००४, २००५ आणि २००६ या तिन्ही हंगामांत त्यांनी शंभर किंवा त्याहून जास्त सामने गमावले. २००६ मध्ये डेटन मूर संघाचे महाव्यवस्थापक झाले. छोट्या शहराच्या संघाला जो एकच रस्ता परवडतो तो त्यांनी धरला : कोवळी मुले निवडायची, त्यांना खालच्या लीगमध्ये वाढवायचे आणि वाट पाहायची. माइक मुस्ताकस, एरिक हॉस्मर, व्हेनेझुएलाचा सॅल्व्हाडोर पेरेझ, डोमिनिकन रिपब्लिकचा योर्डानो व्हेंचुरा हे त्या वाटेने आले. झॅक ग्रिंकीसारखा अव्वल पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, देऊन लोरेन्झो केन आणि अल्सिडेस एस्कोबार मिळवले. २०१२ च्या डिसेंबरमध्ये विल मायर्स हा सर्वांत आशादायक तरुण फलंदाज टँपा बेला देऊन जेम्स शील्ड्स आणि वेड डेव्हिस घेतले, तेव्हा मूर यांच्यावर टीकेचा पाऊस पडला. २०१३ मध्ये ८६ विजय, २०१४ मध्ये ८९. त्या वर्षी ओकलंडविरुद्धच्या एका सामन्याच्या बाद फेरीत आठव्या डावात ७-३ अशा पिछाडीवरून १२ व्या डावात ९-८ असा विजय, नंतर सलग सात विजय, आणि शेवटी सॅन फ्रान्सिस्कोकडून वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात एका धावेने हार. हे सगळे समोर असताना पुढच्या वर्षासाठी ७२ चा आकडा आला, म्हणून तो चाहत्यांना एवढा झोंबला.

‘नशीब’ या उत्तराची तपासणी सोपी आहे. दोन बरोबरीच्या संघांत १६२ सामने झाले, तर निव्वळ योगायोगाने विजयांचा आकडा साधारण सहा-साडेसहाने पुढेमागे होतो. तेवीसचा फरक म्हणजे त्याच्या साडेतीन पट. एवढी उडी नुसत्या योगायोगाच्या बळावर जवळपास कधीच लागत नाही. दुसरी तपासणी जास्त बोलकी आहे. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांच्या सूत्राने, संघाने किती धावा केल्या आणि किती दिल्या यावरून विजयांचा अपेक्षित आकडा काढता येतो. २०१५ मध्ये रॉयल्सनी ७२४ धावा केल्या, ६४१ दिल्या. यातून सुमारे ९० विजय निघतात. म्हणजे अटीतटीचे सामने जिंकण्याचे श्रेय किंवा दैव, जे काही म्हणायचे ते, फक्त पाच विजयांचे आहे. उरलेले १८ विजय सरळ धावांच्या हिशेबातले आहेत. संघ मुळातच भाकितापेक्षा कितीतरी चांगला होता.

मग तो चांगला कशामुळे होता? त्या वर्षी एक उत्तर फार लोकप्रिय झाले : हा संघ चेंडू चुकवत नाही. चेंडूला बॅट न लावता बाद होणे, म्हणजे स्ट्राइकआउट, हे आजच्या बेसबॉलमध्ये सर्रास झाले आहे. रॉयल्सचे स्ट्राइकआउट मात्र लीगमध्ये सर्वांत कमी, ९७३. होम रनच्या मागे लागलेल्या गणितज्ञांना हे दिसले नाही, असे सांगितले गेले. उत्तर गोंडस आहे, पण शेजारच्या वर्षापाशी ते अडखळते. २०१४ मध्येही स्ट्राइकआउट सर्वांत कमी रॉयल्सचेच होते, ९८५. तेव्हा होम रनही सर्वांत कमी होते, फक्त ९५, आणि धावा झाल्या ६५१, लीगच्या सरासरीहूनही कमी. पुढच्या वर्षी स्ट्राइकआउट जवळपास तेवढेच राहिले, होम रन १३९ वर गेले आणि धावा ७३ ने वाढल्या. दहा धावांना एक विजय असा ढोबळ हिशेब धरला तर यातच सात विजय आले. चेंडू न चुकवण्याची सवय मोलाची होती, पण फरक पाडला तो जोरकस फटक्यांनी, म्हणजे ज्या गोष्टीचे मोल गणितज्ञ पूर्वीपासून सांगत होते तिनेच.

खरी चूक माणसांच्या अंदाजात होती. पेकोटासारखी पद्धत खेळाडूची मागची काही वर्षे घेते, ताज्या वर्षाला जास्त वजन देते, वयाचा विचार करते आणि आकडा सरासरीकडे ओढते. मुस्ताकसची २०१४ ची फलंदाजीची सरासरी होती .२१२; केंड्रिस मोरालेसची .२१८, आणि तो तर तिशी ओलांडलेला. कोणतीही शहाणी पद्धत या दोघांवर पैज लावणार नाही. २०१५ मध्ये मुस्ताकसने .२८४ ची सरासरी आणि २२ होम रन दिले, मोरालेसने .२९० आणि तेवढेच होम रन. केन सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या मतदानात अमेरिकन लीगमध्ये तिसरा आला. मुस्ताकस २६ वर्षांचा होता, हॉस्मर आणि पेरेझ २५ चे. सात-आठ वर्षे जोपासलेली मुले एकाच हंगामात बहरली. शिवाय क्षेत्ररक्षण. घरच्या कॉफमन स्टेडियमच्या प्रशस्त मैदानावर केन, अ‍ॅलेक्स गॉर्डन आणि एस्कोबार यांनी अडवलेले फटके पिचरच्या खात्यावर जमा होत होते, आणि पिचरला त्याच्या एकट्याच्या कामगिरीवर तोलणाऱ्या पद्धतीला तो पिचर मध्यम वाटत होता. तो मध्यमच होता. त्याच्या मागे उभी असलेली माणसे मध्यम नव्हती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला वजनदार वाटतो. पाच विजय मी दैवाच्या खात्यात टाकले, पण २०१४ मध्येही धावांच्या हिशेबाने ८४ निघतात आणि जिंकले ८९. २०१६ मध्ये ७७ च्या जागी ८१. दैव तीन वर्षे एकाच बाजूला कसे राहील? माझ्या मते यातला काही भाग दैव नव्हताच. २०१४ मध्ये शेवटचे तीन डाव केल्व्हिन हरेरा, वेड डेव्हिस आणि ग्रेग हॉलंड सांभाळत, आणि तिघांचीही दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी दीडपेक्षा कमी होती. सहाव्या डावाअखेर एका धावेची आघाडी मिळाली की सामना बहुतेक संपलाच. सूत्र सगळ्या धावा सारख्याच मोजते, संघाचे मॅनेजर नेड योस्ट मात्र आपले उत्तम पिचर नेमके त्या धावांसाठी राखून ठेवत. तरीही हा आक्षेप पूर्ण पटत नाही, कारण २०१७ मध्ये डेव्हिस आणि हॉलंड दोघेही संघात नव्हते, रॉयल्सनी केल्यापेक्षा जवळजवळ ९० धावा जास्त दिल्या, आणि तरी ८० सामने जिंकले. तिथे राखीव पिचरांचे स्पष्टीकरण पुरत नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. २०१५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये मेट्सविरुद्ध पाचव्या सामन्याच्या नवव्या डावात हॉस्मर तिसऱ्या बेसवरून घराकडे धावला. मेट्सच्या डेव्हिड राइटने चेंडू पहिल्या बेसकडे टाकल्यावर तो निघाला. पहिल्या बेसवरच्या लुकस डुडाची फेक सरळ आली असती तर तो बाद होता आणि सामना तिथेच संपला असता. फेक भरकटली, बरोबरी झाली, १२ व्या डावात विजेतेपद आले. ही जिद्द कोणत्या कोष्टकात बसवणार, असे विचारतात. बसवता येणार नाही, हे मान्य. पण त्या धावेच्या मागे डुडाची फेक भरवशाची नाही ही आधी गोळा केलेली माहितीही होती. आणि तीच जिगर घेऊन तोच संघ २०१६ मध्ये उतरला, तेव्हा पेकोटाने ७६ विजय सांगितले होते. धावांच्या हिशेबाने ७७ निघाले. ज्या पद्धतीला वर्षापूर्वी निकालात काढले होते, ती जागच्या जागी बरोबर ठरली.

त्यानंतरची उतरण वेदनादायक आहे. २०१७ च्या जानेवारीत व्हेंचुरा मोटार अपघातात गेला. त्या हंगामानंतर हॉस्मर सॅन डिएगोला गेला, केन मिलवॉकीला. २०१८ मध्ये रॉयल्स १०४ सामने हरले. मायर्स आणि इतर तरुण आधीच दिलेले असल्याने खालून येणारी फळी विरळ होती. हा सौदा मूर यांनी डोळे उघडे ठेवून केला होता, आणि मला तो आजही योग्यच वाटतो. २०२३ मध्ये १०६ पराभव झाले, आणि २०२४ मध्ये तोच संघ ८६ सामने जिंकून बाद फेरीत गेला. या वेळी शेवटच्या डावांचे पिचर नव्हे, तर सामना सुरू करणारे सेथ लुगो आणि मायकल वाका हे आधार होते, आणि बॉबी विट ज्युनियरने .३३२ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला. संघाची घडण २०१५ पेक्षा पार वेगळी होती. सारखे होते ते एवढेच की पंचविशीच्या आसपास असलेला, घरच्याच मुशीत वाढलेला खेळाडू एका वर्षात सगळ्यांच्या अंदाजापलीकडे गेला.